हितं गाणं पायजे

"थांबा रं. हितं गाणं पायजे."

सरांनी बोट वर केलं की तालीम थांबायची. मग प्रसंग कसलाही असो. पोलीस दारात उभा आहे, सासू भाजी निवडतेय, डॉक्टर इंजेक्शन देतोय. सरांना तिथं गाणं हवंच असायचं. जागच्या जागी मांडी घालून, हाताला येईल त्या कागदावर दोन कडवी लिहून द्यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या हाताखाली काम करायची वेळ मात्र तुमच्यावर आली नसेल.

सर मूळचे कोरेगावचे. पोस्टातल्या नोकरीनं सांगलीत आले आणि आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक झाले. मी आष्ट्याच्या शाळेत गणित शिकवायचो आणि शाळा सुटली की एसटीनं तालमीला जायचो. इतक्या वर्षांत सरांचं एकच गाणं गाजलं. नवऱ्याच्या चितेपुढं बायको म्हणते ते. चाल ठेक्याची, म्हणून बँडवाल्यांनी उचललं आणि ते वरातीत वाजायला लागलं. पुतणीच्या लग्नात सर बँडपुढं हात पसरून उभे राहिले. "आरं बंद करा! ह्यात नवरा मेलाय!" पोरांना वाटलं, चुलते रंगात आले. त्यांनी सरांना खांद्यावर घेऊन नाचवलं.

एका वर्षी स्पर्धेच्या नाटकात मी मेलेला बाप होतो. पहिल्या अंकात मरायचं आणि चादरीखाली पडून राहायचं. मुलीचं काम करणाऱ्या बाईंनी उशाशी बसून गाणं म्हणायचं होतं. प्रयोगाच्या दिवशी सकाळीच त्यांचा घसा बसला. सर माझ्याकडं वळले.

"चाल तुला पाठ हाय. तू म्हण."

"सर, मी तेव्हा मेलेलो असतो."

"व्हय की. मग तुला घाई कसली? निवांत म्हण."

"अहो, पण मढं गाईल कसं?"

"पडूनच म्हणायचं. उठलास तर खोटं वाटंल."

मी पडूनच म्हटलं. पहिल्या ओळीला प्रेक्षक हसले. दुसरीला शिट्टी आली. मग बाईंनी, ठरलेलं नसताना, चादरीखाली चाचपडून माझा हात धरला आणि नाट्यगृह गप्प झालं. चादर झिरझिरीत होती. विंगेत सर घळाघळा रडत होते आणि रडतारडताच आणखी एक कडवं घ्यायची खूण करत होते. आमचा नंबर आला नाही. परीक्षकांनी फक्त शेरा दिला: 'प्रेत सुरेल आहे.' पुढं कित्येक दिवस मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "वारलेले सर आले!"

निवृत्तीनंतर सर साताऱ्याला राहायला गेले. गेल्या वर्षी एका कार्यक्रमासाठी सांगलीत आले असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, वाचा गेली. स्वतःचं नाव सांगताना नुसता घोगरा आवाज निघायचा आणि डोळे भरून यायचे. एका दुपारी काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांचं पांघरूण सारखं करत होत्या. अचानक सर ठसकेबाज लावणीच्या चालीवर, अगदी स्पष्ट गायले, "उशी काढ गं, मान माझी दुखतीया!" अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. बोलणं जातं, गाणं राहतं.

काकूंनी सरांचं एकही नाटक कधी पाहिलं नव्हतं. "घरात काय कमी हाय व्हय?" म्हणायच्या. आता सर पाणीसुद्धा गाऊन मागायचे आणि चालीत उत्तर दिलं की खुलायचे. मग काकूही गायला लागल्या. एकदा मी साताऱ्याला गेलो, तर फाटकातच ऐकू आलं.

"आमटीला मीठच न्हाईऽऽ गं!"

"डाक्टर नको म्हनत्यात, आवंऽऽ!"

शेजारीण खिडकीत ताल धरून उभी होती. भांडण संपेपर्यंत मी बेल वाजवली नाही.

दिवाळीनंतर सर गेले. पंधरा दिवसांनी मी भेटायला गेलो. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बसा मास्तर, च्या टाकते."

नुसतं बोलल्या. मग दचकल्यासारख्या थांबल्या, आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून तशाच उभ्या राहिल्या.