बाईसाहेबांच्या पाठीचं माप

बाईसाहेबांना तंग आवळून घेणं आवडेनासं झालं, तेव्हा काकूंनी आधी दोष स्वतःलाच दिला. खोगिराचा तो पोटाखालचा पट्टा हातात घेतला की घोडी मान वळवून दात दाखवायची, शेपटी फटकारायची आणि पाठ खाली दाबायची, जणू कुणी तिच्यावर बर्फाची लादी ठेवतंय.

"रुसल्यात," काकू तबेल्यातल्या लोकांना सांगायच्या. "काल मी अर्धा तास उशिरा आले ना."

बाईसाहेब हे काही घोडीचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक होतं आणि ते उच्चारताना सगळ्यांची जीभ अडखळायची. पण चारा पुढे आला तरी आधी इकडेतिकडे बघून मगच तोंड लावायची तिची ऐट पाहून तबेल्यानं तिचं बारसं करून टाकलं. घोडी मुळात काकूंच्या लेकीची. लेक ड्रेसाज करायची, म्हणजे घोड्याला वाळूच्या आखाड्यात सरळ रेषेत, वर्तुळात, तालात चालवायची, आणि तेही बघणाऱ्याला इशारा दिसू नये इतक्या हलक्या हातानं. मग तिला परदेशी नोकरी लागली. "येतेच गं लवकर," म्हणून गेली ती गेलीच. फोन यायचे, ती येत नव्हती.

काकू आधी नुसत्या गाजरं घेऊन यायच्या. मग घोडीला हिंडवायला लागल्या. एक दिवस तबेल्यातले घोडेस्वारीचे शिक्षक म्हणाले, "नुसतं हिंडवून काय होणार, काकू? बसा वर." पन्नाशी उलटलेल्या काकू स्टुलावर चढल्या आणि घोडीवर बसण्याऐवजी तिच्या गळ्यातच पडल्या. सगळा तबेला हसला. काकूही हसल्या. घरी इतक्या लोकांत हसायची सोय नव्हती. नवऱ्याला जाऊन बराच काळ लोटला होता. बोलायला टीव्ही होता, पण तो ऐकून घेत नसे.

दुपारनंतर काकू दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळायच्या. घाबरलेल्या माणसांना सांगायच्या, "दुखलं तर हात वर करा, डॉक्टर लगेच थांबतात." पण दिवस खरा उजाडायचा तो तबेल्यात.

म्हणूनच शिक्षकांनी घोडीला निवृत्त करायची गोष्ट काढली, तेव्हा काकूंच्या हातातलं गाजर हातातच राहिलं. या शिक्षकांना सगळे रिसालदार म्हणत. फौजेत ते कधीच नव्हते, ती पदवी त्यांच्या मिशांना मिळालेली होती.

"काकू, रागावू नका," रिसालदार म्हणाले. "घोडी पाठीतून गेलीय. दुडकी चाल धरली की लाकडासारखी ताठ होते. टेकडीपलीकडच्या कुरणावर पाठवू या तिला. चरेल, लोळेल, मजेत राहील."

"आणि मी?"

रिसालदारांनी मिशीवरून हात फिरवला. कुरण फार लांब होतं. दवाखान्याची नोकरी करून तिथे रोज जाणं शक्यच नव्हतं.

"आधी खोगीरवालीला तरी दाखवू या," काकू म्हणाल्या.

"दाखवा की. पण ती खोगीर विकते हं, औषध नाही."

खोगीरवाली आली ती मागे खोगिरं रचलेली गाडी घेऊन. चाळिशीची, मोठ्या आवाजाची बाई. आल्या आल्या म्हणाली, "शाळेत माझ्या निबंधावर बाई शेरा मारायच्या, खोगीरभरती नको. आता माझं पोट त्याच खोगीरभरतीवर चालतंय. बघू आपलं रत्न."

तिनं घोडीला सपाट जागी चारही पायांवर नीट उभं केलं. मग लेकीचं खोगीर हातात घेऊन विचारलं, "याच्या खाली काय घालता?"

काकूंनी अभिमानानं एकेक वस्तू पुढे केली. आधी सुती घडी, तिच्यावर लोकरीची गादी, आणि हिवाळ्यापासून मऊ रबराची आणखी एक. घोडी चिडायला लागली तशी काकूंनी गाद्यांची भर घातली होती. टोचत असेल बिचारीला, असं वाटून.

"घाम कुठे येतो हिला, पाहिलंत कधी?"

"पाहते ना! खोगीर काढलं की सगळी पाठ ओली असते. फक्त खांद्यांमागे दोन्हीकडे तळहाताएवढी जागा कोरडी. तिथे तिला अगदी आराम आहे."

खोगीरवालीचा मोठा आवाज एकदम खाली आला. "काकू, तिथेच दाबलं जातंय. इतकं, की घामसुद्धा बाहेर येत नाही."

तिनं काकूंचा हात धरून घोडीच्या खांद्यामागे ठेवला. उजवीकडे एक खळगा लागला, डावीकडेही. काकूंनी बोटं दाबली मात्र, घोडीचं सगळं कातडं शहारलं.

"लेकीच्या वेळी घोडी सडपातळ असणार. आता भरलीय, रुंद झालीय. खोगिराच्या आतला सांगाडा मात्र तेवढाच अरुंद. घट्ट बुटात एकावर एक तीन मोजे घातल्यावर पायाचं काय होईल? तसं झालंय."

काकूंनी हात काढून घेतला. सगळा हिवाळा त्या रोज सकाळी त्या गाद्या हातानं झटकून, उन्हात ऊबदार करून घोडीच्या पाठीवर घालत होत्या. जीव लावून तिला चिमटे काढत होत्या. आणि तिला हात वर करता येत नव्हता.

"हे खोगीर रुंद नाही का करता येणार?"

"थोडं येतं. इतकं नाही. मी हे बदल्यात घेईन, एखाद्या बारीक घोड्याला छान होईल."

"लेकीला विचारावं लागेल."

काकूंनी तिथूनच फोन लावला. अवेळी फोन आलेला पाहून लेकीचा पहिला प्रश्न ठरलेलाच. "आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! तुझ्या खोगिराचं विचारायचं होतं."

"कसल्या खोगिराचं?"

काकूंनी सगळं सांगितलं. पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत लेकीला हाक मारत होतं.

"अगं मग देऊन टाक ना, आई. विचारायचं काय त्यात?"

"तू आल्यावर कशावर बसशील?"

"मी आले तर आठवडाभरासाठी येईन गं. तेवढ्यात तुझ्याशी गप्पा मारायच्या की घोडीवर बसायचं?" मग लेक घाईघाईनं म्हणाली, "नवीन घेतलंस की फोटो पाठव हं. आता ठेवते, मीटिंग आहे."

वाक्य गोडच होतं. पण काकूंच्या मनात त्यातलं 'आठवडाभरासाठी' तेवढं रुतून बसलं. फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो कानापासून लगेच काढला नाही.

"घ्या ते," त्या खोगीरवालीला म्हणाल्या. "दुसरी दाखवा."

घोडीच्या मापाची दोन निघाली. दोन्ही पाठीवर ठेवून खोगीरवालीनं मधल्या पोकळीतून हात आरपार फिरवला, कण्यावर कुठे टेकत नाही ना ते पाहिलं, मागून वाकून पाहिलं. मग म्हणाली, "मापाला दोन्ही चालतील. आता बसून ठरवा."

पहिलं खोल होतं, गुडघ्यांसमोर जाड उशा असलेलं. काकू त्यात अशा रुतल्या की पडायचं म्हटलं तरी पडता येईना. "हेच!" त्या वरूनच ओरडल्या. घोडी बरी चालली, शेपटी शांत होती. पण दुडकीत पाठ अजून आखडलेलीच होती. कठड्याला टेकलेले रिसालदार घोडीच्या पाठीकडेच बघत होते, ते काकूंना वरून दिसलं.

दुसरं उथळ होतं. धरून ठेवायला जवळजवळ काहीच नाही. काकूंना भर चौकात अनवाणी उभं केल्यासारखं वाटलं.

"अहो, पडेन मी!"

"पाय लांब सोडा. मांड्या आवळू नका. पडलात तर खाली वाळूच आहे!" खोगीरवाली म्हणाली.

"तुझी आजी पडू दे वाळूत!"

"ती गेली कधीच. चला, दुडकी!"

काकूंनी डोळे मिटून पाय सोडले. पहिल्या चकरेत त्यांना फक्त स्वतःची भीती कळत होती. दुसऱ्या चकरेत घोडीनं नाकातून लांब फुरफुर सोडली, मान पुढे लांबवली आणि तिची पाठ वर आली. काकूंना ती मांडीखाली आली तशी कळली. डावी बाजू, उजवी बाजू, पुन्हा डावी. जाड गाद्यांवरून इतके दिवस त्या नुसत्याच वाहून नेल्या जात होत्या. घोडी अशी चालते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्या थांबल्या. थोडा वेळ खोगिराच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या.

"पहिल्यात मला बरं वाटतं."

"दिसलं ते," खोगीरवाली म्हणाली.

"हे ठेवते."

रिसालदारांनी घसा खाकरला. "पाठीतून गेली म्हणालो मी, ते मागे घेतो. खांद्यामागचे खळगे भरेपर्यंत जपून, रोज थोडंच. कुरणाचं बघू पुढे कधीतरी." आणि काकू रडतील की काय या भीतीनं ते भराभर तबेल्याकडे निघून गेले. खोगीरवालीही जुनं खोगीर खांद्यावर टाकून गाडीकडे वळली. तिला अजून दोन घोडे बघायचे होते.

आखाड्यात काकू आणि बाईसाहेब दोघीच उरल्या. लेकीनं फोटो मागितला होता. काढायला कुणीच नव्हतं. हाक मारली असती तर कुणी ना कुणी आलं असतं, पण काकूंनी मारली नाही. त्यांनी लगाम एका हातात घेतला, खिशातून फोन काढला आणि वर बसल्या बसल्याच फोटो घेतला. त्यात काकू नव्हत्या, खोगीरही नव्हतं. घोडीचे दोन कान होते, दोन्ही पुढे टवकारलेले, आणि त्यांच्यामधून दिसणारी रिकामी वाळू.

तोच त्यांनी पाठवला. खाली काय लिहावं हे सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. मग फोन खिशात टाकून त्यांनी पाय पुन्हा लांब सोडले आणि घोडीला सावकाश चालीवर आणखी एक चक्कर मारायला सांगितलं.