दुरुस्तीला गेलेलं कानाचं मशीन

माझी मावशी तयार कपड्यांच्या कारखान्यात काज करायची. शर्टावर बटणासाठी जे भोक असतं, ते पाडून त्याच्या कडा शिवायचं मशीन तिच्याकडे होतं. चोवीस वर्षं ती त्याच एका मशीनवर बसली. त्या आवाजात तिचा उजवा कान पूर्ण गेला आणि डावा निम्म्यावर आला. मग डाव्या कानाला ऐकू यायचं मशीन बसवलं. काका म्हणायचे, "एका मशीननं कान खाल्ला, दुसऱ्यानं ओकून परत दिला."

काका म्हणजे तिचे यजमान. घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायची त्यांची नोकरी. मीटर वाचायला दोन मिनिटं आणि गप्पांना वीस, असा हिशेब. निवृत्त झाल्यावर त्यांना ऐकायला एक मावशीच उरली. ते कायम तिच्या डाव्या बाजूला असत. रस्त्यानं चालताना डावीकडे, बाकावर बसताना डावीकडे. सकाळी ती कामावर जायची तयारी करत असताना ते पेपर मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक बातमीला स्वतःची शेपटी जोडायचे. मोठ्यानं बोलायची इतकी सवय झाली होती की, खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणायचे, "आम्ही पेपर बंद केलाय, वरून ऐकू येतो."

त्यांचा आवाज बसला तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जवळच्या डॉक्टरांनी गुळण्या सांगितल्या, मग लाल औषध दिलं, मग हिरवं. "घसा वापरू नका," असंही म्हणाले. मावशी हसली होती. माशाला पोहू नको सांगण्यातला प्रकार. असे चार महिने गेले आणि मग मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणून चिठ्ठी मिळाली.

तिथे आमचे हेलपाटे सुरू झाले. चार नंबरच्या खिडकीवर केसपेपर, नऊ नंबरवर शिक्का, आणि शिक्का मारणारी बाई जेवायला गेलेली. घशात दुर्बीण घालून तुकडा काढला. त्याचा रिपोर्ट दुसऱ्याच वॉर्डात गेला आणि आठ दिवस सापडला नाही. "इथून पाठवलाय," हे म्हणायचे. "आमच्याकडे आलाच नाही," ते म्हणायचे. शेवटी तो एका लहान मुलाच्या फाइलीत निघाला. मी स्वतः एका सरकारी कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. 'उद्या या' हे मीही माणसांना हजारदा सांगितलं आहे. त्या आठ दिवसांत मला ते फार आठवलं.

रिपोर्ट बघून डॉक्टर कागदात मान घालूनच बोलले. आवाजाची पेटी काढावी लागेल. गळ्याला कायमचं भोक ठेवावं लागेल, श्वास तिथूनच. बोलणं बंद होईल. तारीख पाच आठवड्यांनंतरची. मावशी डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होती, पण मान खाली असल्यामुळे तिला काही कळलं नाही.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"घसा साफ करायचाय म्हणतात," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर बाकावर बसून त्यांनी तिच्या डाव्या कानाशी खरं काय ते सांगितलं. आवाज फाटलेला होता, तरी अर्ध्या व्हरांड्याला ऐकू गेलं. मावशीनं कानातलं मशीन बोटानं नीट बसवलं. मग म्हणाली, "पाच आठवडे आहेत ना? मग बोला तुम्ही. मी ऐकून घेते."

आणि खरंच तिनं तसं केलं. कामावरून आली की हातपाय धुऊन त्यांच्या उजव्या हाताला बसायची, म्हणजे ते तिच्या डाव्या कानापाशी. लग्नाआधीच्या गोष्टी विचारायची, ज्या तिला पाठ होत्या. काका दमायचे, थांबून पाणी प्यायचे, पुन्हा बोलायचे. एकदा मी गेले तर ते तिला आपल्या पहिल्या साहेबाची नक्कल करून दाखवत होते आणि ती डोळे मिटून ऐकत होती.

दहाव्या दिवशी तिचं मशीन बंद पडलं. सेल बदलला, कापसानं पुसलं, काही नाही. मशीनशिवाय तिला आवाज म्हणजे नुसतं घुमल्यासारखं वाटायचं, शब्द कळायचे नाहीत. आणि तिच्या कानात ओरडण्याइतका काकांचा घसा राहिला नव्हता.

आम्ही मशीनच्या कंपनीच्या केंद्रावर गेलो. काउंटरवरच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी मशीन एका छोट्या पाकिटात घातलं, पाकिटावर नंबर लिहिला आणि सांगितलं, "दुरुस्ती इथे होत नाही, वर पाठवावं लागतं. दहा दिवस धरा. सुट्ट्या सोडून." मी विचारलं, नवीन घेतलं तर? तर कानाच्या मापाचा साचा, मग तपासणी, मग आवाज जुळवणं, आणि तपासणीची वेळ महिन्यानंतरची. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

दहा दिवस झाले. चौकशी करायची तर फक्त फोनवर. मी फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगी बोलली.

"मशीन ज्यांच्या नावावर आहे, त्यांना फोन द्या."

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले. "म्हणून तर मशीन दिलंय."

"हो मॅडम, पण नियमाप्रमाणे त्यांच्याशीच बोलावं लागेल."

मी मावशीला फोन दिला. ती फोनमध्ये म्हणाली, "हॅलो, मला ऐकू येत नाही. माझं मशीन द्या." पलीकडून काहीतरी विचारलं असणार. ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी लावला. त्यांचंही नाव त्या पावतीवर होतं. ते सगळी कहाणी सांगत होते. ऑपरेशनची तारीख, बायकोचा कान, सगळं. मी शेजारीच होते. मुलगी म्हणाली, "सर, तुमचा आवाज स्पष्ट येत नाही. जरा मोठ्यानं बोलाल का?"

काकांनी फोन माझ्याकडे दिला आणि हसले. "हिला ऐकू येत नाही, मला बोलता येत नाही," ते म्हणाले. "आता भांडायचं कसं? संसारच बंद पडायचा."

कारखान्यात निराळंच. कान बंद म्हटल्यावर सुपरवायझर बाईंनी तिला काजाच्या मशीनवरून उठवलं आणि धागे कापायच्या टेबलावर बसवलं. "हाक मारलेली कळली नाही आणि सुईत बोट गेलं तर जबाबदारी कुणाची?" त्यांचंही चूक नव्हतं. पण चोवीस वर्षांनी पुन्हा नव्या मुलींच्या रांगेत बसणं तिला लागलं. शाळांच्या गणवेशांची घाई होती, रजा मिळायची पंचाईत. ऑपरेशनसाठी एक दिवस आणि त्याच्या आधी अर्धा, एवढंच मंजूर झालं. कारखान्याबद्दल ती घरी काही बोलली नाही. काकांना ते तिच्या हातावरच्या कात्रीच्या घट्ट्यावरून कळलं.

ऑपरेशन गुरुवारी होतं. सोमवारी केंद्रावरून माझ्या मोबाइलवर निरोप आला की, मशीन बुधवारी मिळेल. मी मावशीला कागदावर लिहून दिलं: 'अर्धी रजा बुधवारी घे. दुपारी मशीन आण. संध्याकाळ तुमची.' हे मीच लिहिलं. तिनं तो कागद घडी करून पाकिटात ठेवला.

बुधवारी ती बारा वाजता कामावरून थेट केंद्रावर गेली. पाकीट आलेलं होतं. त्यातून मशीन निघालं, तेही चालू, पण त्याला साचा उजव्या कानाचा बसवलेला. डाव्या कानात तो शिरेना. चष्मेवाल्या गृहस्थांनी स्वतः करून बघितलं, मग कुठेकुठे फोन लावले, आणि तिला कागदावर लिहून दाखवलं, 'जुना साचा शोधतो. बसा.' ती बसली. नंतर तिनं मला सांगितलं, "माणूस बरा होता गं. उगाच कुणावर चिडायचं?"

इकडे एक वाजता हॉस्पिटलातून फोन आला. आधीच्या पेशंटला ताप आल्यामुळे जागा झाली होती. काकांना आजच घेतो म्हणाले. "उद्याचं नक्की नाही. आज सोडलंत तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी." दुखणं पसरायच्या आत काढायचं होतं, हे आम्हाला बजावलेलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले. मावशीला फोन लावला, पण तो वाजलेला तिला कळणार कसा? त्या केंद्राचा नंबर लावला तर लागतच नव्हता. शेवटी काकांना भरती करून मी रिक्षानं तिला आणायला गेले.

ती खुर्चीत बसली होती, हातात नंबरची चिठ्ठी. मला बघून तिला वाटलं, मी मदतीला आले. मी पावतीच्या मागं लिहिलं, 'आत्ताच नेताहेत.' तिनं वाचलं आणि चिठ्ठी खुर्चीवर ठेवून उठली.

आम्ही पोचलो तेव्हा काका हिरव्या कपड्यांत चाकाच्या खाटेवर होते, लिफ्टच्या दारात. मला एका बाईंनी सह्यांसाठी टेबलाकडे ओढलं, तीन कागद, प्रत्येकावर दोन सह्या. मावशी खाटेपाशी गेली, आणि सवयीनं डावी बाजू त्यांच्याकडे करून वाकली. काका तिच्या कानाशी बोलले. मला लांबून दिसत होतं. दोन-तीन वाक्यं असतील. ती मान हलवत होती. मग लिफ्टचं दार लागलं.

मी जवळ गेले आणि खुणेनं विचारलं, काय म्हणाले?

"काय माहीत," ती म्हणाली. "घुमल्यासारखं आलं नुसतं. मी आपली हो म्हणाले."

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. आठ दिवसांनी काका पाटीवर लिहायला लागले. मावशीनं पहिला प्रश्न तोच केला, "लिफ्टपाशी काय सांगत होता?" काकांनी पेन्सिल हातात घेतली, बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'आठवत नाही. गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं.' तिनं पुन्हा विचारलं नाही. बहुतेक ते खरंच असावं. मला मात्र कधीकधी वाटतं, त्यांना आठवत होतं आणि लिहायला जड गेलं.

मशीन ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी आलं, बरोबर साच्यासकट. चष्मेवाले गृहस्थ स्वतः घरी घेऊन आले, चहाही घेतला नाही. मावशीनं ते कानात घातलं. पंखा ऐकू आला, रस्ता ऐकू आला, खालच्या मजल्यावरचं भांडं पडलेलं ऐकू आलं. काकांच्या गळ्यातल्या नळीतून जाणारा-येणारा श्वास ऐकू आला. ती त्यांच्याजवळ बसून तेच ऐकत राहिली. सकाळी आता ती पेपर वाचायची, मोठ्यानं, आणि काका बोटानं बातमी दाखवायचे. तिच्या वाचण्याला शेपटी नसायची. ते पाटीवर शेपटी लिहायचे. तोवर ती पुढच्या बातमीवर गेलेली असायची.

लोक विचारतात, आवाज आधी रेकॉर्ड करून का नाही ठेवला? नाही सुचलं. आमचं सगळं लक्ष तारखांकडे आणि खिडक्यांकडे होतं. पुढे एकदा ऑफिसात बसल्या बसल्या मला आठवलं की, त्या कंपनीच्या फोनवर सुरुवातीलाच सांगतात, बोलणं रेकॉर्ड होतंय म्हणून. म्हणजे काकांचं ते बोलणं कुठेतरी असणार. मी फोन केला, अर्ज लिहिला, वरच्या साहेबांचा पत्ता मिळवून पुन्हा लिहिला. सोळा दिवसांनी उत्तर आलं. तीन महिन्यांनंतर असे कॉल पुसले जातात. आम्ही चौथ्या महिन्यात होतो. मावशीला मी हे सांगितलंच नाही.

पुढच्या वर्षी दुखणं छातीत उतरलं आणि काका गेले. शेवटचे काही दिवस त्यांना पाटीही धरवत नव्हती.

मावशीला त्याआधीच काजाचं मशीन परत मिळालं होतं. काका गेल्यावर तिनं पंधरा दिवसांची रजा घेतली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच मशीनवर काम केलं. आता घरीच असते. मी रविवारी जाते. मागच्या खेपेला भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "ह्यांचं बोलणं मला सगळं आठवतं. साहेबाची नक्कल, पेपरातल्या शेपट्या, शब्दन् शब्द. पण आवाज येत नाही गं. डोक्यात माझाच आवाज येतो."

मी म्हणाले, "मला आठवतो."

"मग करून दाखव."

मी प्रयत्न केला. घसा खरवडून, मोठ्यानं, त्यांच्यासारखं एक वाक्य म्हणाले. तिनं डावा कान पुढे करून नीट ऐकलं आणि मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "असा नव्हता."