आधी आबांचा आवाज टाका

आमचे शेठ तसे भले माणूस, पण त्या दिवशी मला त्यांचा असा राग आला म्हणता! जळगावच्या आमच्या छोट्या दैनिकातलं साक्रीचं पान छापायचं बंद, यापुढे ते फक्त मोबाईलवर, असं त्यांनी ठरवलं. "दिवाळीपर्यंत बघू. लोक तिथं आले तर ठीक, नाहीतर गुंडाळू." गुंडाळायला ती काय सतरंजी आहे? साक्री माझं माहेर. तिथल्या बातम्या लावता लावता माझे केस पिकले. ते पान गेलं असतं, तर माझ्या माहेराला कुठे कोपराही उरला नसता.

बाजाराच्या दिवशी मी तडक साक्री गाठली. भेटेल त्याला सांगत सुटले, "मोबाईलवर वाचा, आणि तुमच्याकडच्या बातम्याही पाठवा." लोकांनी चहा पाजला, पिशवीत शेंगा भरून दिल्या, बातमी मात्र कोणी देईना. भाजी विकणाऱ्या एक अक्का म्हणाल्या, "पेपरात पोराचं नाव आलं की मी कात्रण कापून भिंतीला लावते. मोबाईलचं कात्रण कोणत्या कात्रीनं कापू?" मी कपाळावर हात मारून पुढे निघाले.

चहाच्या टपरीशेजारच्या ओट्यावर आबा बसले होते. माझ्या वडिलांचे दोस्त. रोज सकाळी ओट्यावर पेपर मोठ्यानं वाचायचा, हा त्यांचा नेम. तोही छापलाय तसा नाही, थेट अहिराणीत, आणि मधूनमधून आपला शेरा ठोकत. एखाद्या पुढाऱ्याचं आश्वासन आलं की थांबायचे, चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "हां, आते पुढे." सगळा ओटा हसून लोळायचा. पेपर कधी हातात न धरलेली माणसंसुद्धा त्यांच्यामुळे रोजची बातमी ऐकत आली होती. मी फोन त्यांच्यापुढे धरला. "आबा, जसं वाचता तसंच यात वाचा."

"यामा?" आबांनी फोन उलटसुलट करून पाहिला. "यामा कोन ऐकस माय?"

ऐकलं की! "बठ्ठासले राम राम", म्हणजे सगळ्यांना राम राम, म्हणून आबा सुरू झाले, मी त्यांचा आवाज रोज पानावर टाकू लागले आणि साक्रीच्या बायका भाकरी थापता थापता ऐकू लागल्या. सुरतेला कामाला गेलेली पोरं ऐकू लागली. इकडे जळगावात, पिंप्राळ्यात माझी शेजारीण स्कूटर पुसताना आबांची नक्कल करायची. आणि मग लोक स्वतःहून बातम्या धाडू लागले. सकाळची बस का आली नाही, कुठल्या शिवारात बिबट्याचे ठसे दिसले, कुणाची मुलगी नर्स झाली. मला तर माहेरपणाला गेल्यासारखं वाटायचं.

आबा मात्र भारी खट. कुठलीही बातमी पाठवली की आधी मला फोन. "माय, दोन जनसले इचारं का?" दोन माणसांना विचारून खातरजमा केल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. मी चिडायचे. "आबा, उभा जन्म पेपरात गेला माझा!" ते शांतपणे म्हणायचे, "मंग दोन जनसले इचारानं काय जड शे?"

दिवाळी तोंडावर आली. लोकांनी आबांना बघावं तरी, म्हणून आम्ही पानावर त्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हेच ते आपले आबा.' झालं! मोबाईलवर म्हाताऱ्या माणसाचा फोटो दिसला की खालचं वाचतंय कोण? पहिल्यानं हात जोडून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि मागून सगळी मेंढरं. कुणी लिहिलं साक्री पोरकी झाली, कुणी लिहिलं असा माणूस पुन्हा होणे नाही. त्यांचा भाचा सुरतेहून रडत रडत बसमध्ये बसला. माझं डोकं असं फिरलं! आबांना फोन लावला, तर ते खो खो हसताहेत. लगेच त्यांनी आवाज पाठवला. "बठ्ठासले राम राम. मी मरेल नही, चहा पी राहिनू. पन तुम्ही इतलं चांगलं बोलनात, ते मी जित्तापनी ऐकी लिधं."

आबांच्या त्या आवाजानं गंमतच केली. सगळ्या खानदेशात तो फिरला. शेठ तर आल्यागेल्याला बोलावून बोलावून ऐकवत होते. पान गुंडाळायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

यंदाच्या थंडीत आबा खरंच गेले.

बातमी मीच लिहिली, फोटोही तोच लावला, आणि जळगावातल्याच मेहरूण तलावाच्या काठी जाऊन बसले. ऑफिसात बसवेना. फोन उघडला, तर एकाही माणसानं श्रद्धांजली लिहिलेली नव्हती. 'या वेळी नाही फसणार.' 'आबा, बोला ना.' 'आधी आबांचा आवाज टाका.' मला इतकं रडू आलं, की शेजारी फिरायला आलेल्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

ऑफिसात मी कधी अहिराणी बोलले नाही. लोक हसतील म्हणून माहेरची बोली माहेरीच ठेवली होती. डोळे पुसले. आबांच्या सुनेला फोन केला, मग टपरीवाल्याला केला. दोघांनीही रडत रडत 'हो' म्हटलं. मग मी फोन तोंडाजवळ धरला.

"बठ्ठासले राम राम," मी म्हटलं. "आपला आबा गयात. मी दोन जनसले इचारं."