पायांचा फोटो

माझी खिडकी म्हणजे इस्पितळातली सगळ्यात कमी मानाची जागा. लघवी तपासणी, तळमजला, जिन्याखाली. लोक बाटली पिशवीत लपवून आणतात आणि माझ्या तोंडाकडे न बघता ठेवून पळतात. सव्वीस वर्षं मी इथे बसतेय. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, आणि तो असतोच. झाकण नीट न लावणाऱ्या माणसांशी तुम्ही एक दिवस गोड बोलून दाखवा, मग पुढचं बोलू.

खिडकीसमोर एक लांब बाक आहे. जिन्याच्या आडोशामुळे तिथे ऊन पोचत नाही, म्हणून दर मंगळवारी ल्युपसचे पेशंट तिथे येऊन बसतात. हा आजार विचित्र आहे. शरीराची राखण करणारी व्यवस्थाच शरीरावर उलटते. आज सांधे धरतात, उद्या गालांवर लाल चट्टे उठतात, परवा तो मूत्रपिंडाला हात घालतो. उन्हाने तो भडकतो. म्हणून त्या बाकावरची सर्वांत जुनी पेशंट बारा महिने छत्री घेऊन फिरायची, आणि तिचं नाव छत्रीताई पडलं.

ती शाळेत खेळ शिकवायची. एकोणीस वर्षं मैदानात उभी राहिलेली बाई, आणि आजार नेमका उन्हाचा. शाळेने तिला साहित्याच्या खोलीत बसवलं. तिथे ती चेंडूंत हवा भरते आणि तुटलेल्या जाळ्या शिवते. आवाज मात्र मैदानावरचाच राहिला. इस्पितळात कुजबुजली तरी दुसऱ्या मजल्यावर ऐकू जातं. घरी भाऊ आणि वहिनी. वहिनी मनाने वाईट नाही, पण येता-जाता म्हणते, "वन्सं, दिसायला तर ठणठणीत आहात की!" हे वाक्य न ऐकलेला ल्युपसचा पेशंट मी अजून पाहिलेला नाही.

तिच्या आजाराचं नाव कळायलाच चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत तिला कुणी आळशी म्हटलं, कुणी नाटकी. म्हणून बरं वाटायला लागल्यावर तिने ठरवलं की आपल्यासारखी वणवण दुसऱ्या कुणाला करायला लावायची नाही. डॉक्टर एका पेशंटला सात मिनिटं देतात, ही दोन तास द्यायची. कागद कसे लावायचे, गोळी जेवणाआधी की नंतर, नवऱ्याला काय सांगायचं, साहेबाला काय सांगायचं, सगळं. तिचा फोन नंबर त्या बाकावर हातोहात फिरायचा. तिला कुणी पगार देत नव्हतं आणि तिने कधी मागितलाही नाही.

तिची एक पद्धत होती. या लोकांना एक सवय असते, आपल्या दुखण्याचे फोटो काढून ठेवायची. कारण चट्टे आणि सूज हटकून तपासणीच्या दिवशीच गायब होतात आणि डॉक्टरांसमोर आपण खोटे पडतो. छत्रीताईच्या फोनमध्ये तिचे स्वतःचे असे शेकडो फोटो होते. पांढरी पडलेली बोटं, सुजलेले गुडघे, गळलेल्या केसांचा पुंजका. कुणी घाबरून फोटो पाठवला की ती आपल्या फोटोंतून तसाच एक शोधायची आणि शेजारी लावून पाठवायची. खाली लिहायची, "बघ, माझंही असंच झालं होतं. आणि मी आहे ना अजून?" समोरच्याला रडू यायचं, मग हसू यायचं, मग झोप लागायची. मी स्वतः ती जादू पाहिली आहे. मला ती आवडायचीसुद्धा, हे कबूल करते.

एका मंगळवारी आमच्या यंत्रातून नेहमीसारख्या चिठ्ठ्या छापून आल्या. त्या दिवशीची तारीख असलेल्या प्रत्येक पेशंटची एक. ती बाटलीवर चिकटवायची, नाव पुकारायचं आणि लघवीत कागदी पट्टी बुडवून रंग बघायचा, एवढंच माझं काम. एक नाव पुकारलं. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. मग वैतागून तिसऱ्यांदा ओरडले, "कानात बोळे घातलेत का?"

बाकावरून छत्रीताई उठली आणि खिडकीपाशी आली. ओठ पांढरे पडले होते तिचे.

"ती येणार नाही," ती म्हणाली. "गेली ती. अकरा दिवस झाले."

मेलेल्या मुलीवर मी ओरडले होते. यंत्राला काय कळणार, त्याच्या लेखी तिची तारीख आजचीच होती. ती चिठ्ठी माझ्या बोटाला चिकटून बसली आणि निघता निघेना.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बावीस वर्षांची. मला आठवली ती. झाकण घट्ट लावायची आणि वर "मावशी, धन्यवाद" म्हणायची. बाकी सगळं छत्रीताईने त्या दिवशी खिडकीच्या कठड्याला धरून सांगितलं. मुलीचा मेसेज आला होता. "ताई, पाय सुजलेत. लघवीला फेस येतोय. तारीख पुढच्या महिन्यात आहे, आधी येऊ का?" सोबत पायांचा फोटो. छत्रीताईने सवयीने आपला जुना फोटो शोधला. तीच सूज, बोट दाबल्यावर पडणारा तोच खड्डा. तिची स्वतःची तेव्हाची सूज गोळ्यांमुळे होती आणि आपोआप उतरली होती. फेसही येऊन गेला होता, तपासणी स्वच्छ निघाली होती. तिने जोडी लावून पाठवली आणि लिहिलं, "गोळ्यांची सूज आहे, मीठ कमी कर. आठ-दहा दिवसांत उतरेल. उगाच कामाची रजा घालवू नकोस."

मुलगी ऐकणारी होती. थांबली. अठरा दिवसांनी तिला आणलं तेव्हा मूत्रपिंडं बंद पडली होती आणि फुप्फुसांत पाणी भरलं होतं. सहाव्या दिवशी गेली.

"लवकर आली असती तर वाचली असती का, म्हणून विचारलं मी डॉक्टरांना," छत्रीताई म्हणाली. "ते म्हणाले, कदाचित."

त्यानंतर तिने कुणालाही फोटो पाठवला नाही. फोन आला की म्हणायची, "आधी खिडकीवर जा, बाटली दे, मग माझ्याशी बोल." माझं काम दुप्पट झालं, पण तोंडातून ब्र काढायची माझी हिंमत झाली नाही. ती बाकाच्या टोकाला बसायची आणि शेजारची जागा रिकामी ठेवायची. गर्दी असली तरी. एकदा मी म्हटलं, "अगं, बसू दे की कुणाला." तर ती फरशीकडे बोट दाखवून म्हणाली, "पाय दिसतात तिथे. चेहरा नाही दिसत. फक्त पाय, सुजलेले. माझे की तिचे तेही कळत नाही." भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या दिवसापासून मी खिडकीतून खाली फरशीकडे बघायचं टाळते.

चार महिन्यांनी त्या मुलीची आई आली. सोबत धाकटी मुलगी, सतरा-अठराची. गालांवर तेच चट्टे. आईने बाकावर चौकशी केली, "छत्रीताई कोण? माझी थोरली सारखं नाव घ्यायची. म्हणायची, त्यांच्याशी बोललं की भीती जाते. हिलाही त्यांच्याच हवाली करायची आहे."

म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं. मी छत्रीताईला खिडकीशी बोलावलं आणि दबक्या आवाजात झापलं, "एक अक्षर बोलू नकोस. मेलेलं माणूस परत येणार आहे का? बोललीस तर ही बाई पोरीला घेऊन निघून जाईल, आणि या पोरीला तुझी गरज आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली.

तिने आईला बाजूला नेलं आणि फोन उघडून समोर धरला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी. तिचा तो आवाज, सगळ्या जिन्याला ऐकू गेला. "हे तुमच्या मुलीचे पाय आणि हे माझे. ती यायला निघाली होती. मी तिला थांबवलं. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता ही बाई हात उगारणार. आईने फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. नेमका मुलीचाच, क्षणभरही गोंधळली नाही. बराच वेळ बघत राहिली.

"हा मला पाठवा," ती म्हणाली. "चट्टे आल्यापासून तिने फोटोच काढू दिला नव्हता. शेवटचा म्हणावा असा माझ्याकडे एकही नाही."

छत्रीताईने पाठवला. आईने तो आल्याची खात्री केली, फोन पिशवीत ठेवला, आणि मग शांतपणे म्हणाली, "हिला तुम्ही काही सांगायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. एक शब्द नाही."

"नाही सांगणार."

आणि तिने शब्द पाळला. धाकटी दर महिन्याला यायची. आई कागदांसाठी वर गेली की ती छत्रीताईकडे आशेने बघायची, बाकी सगळे तिच्याशीच तर बोलत होते. छत्रीताई मान वळवायची. मला दोघींचाही राग यायचा, आईचासुद्धा. पण आईवर तरी कुठल्या तोंडाने रागावणार?

मागच्या महिन्यात मुलगी औषधांपुरती आली होती, तपासणीची तारीख दोन आठवडे पुढे होती. बाकावर बसून तिने चप्पल काढली, घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलून बघितलं. छत्रीताई जागची उठली. मुलीशी बोलली नाही. थेट माझ्याकडे आली.

"तिची बाटली आजच घे."

"तारीख नाही. चिठ्ठी निघायची नाही यंत्रातून."

"हाताने लिही."

सव्वीस वर्षांत मी नियम मोडलेला नव्हता. मी हाताने लिहिलं. दहा मिनिटांत पट्टीचा रंग बदलला तो गडद हिरवा, प्रथिनांच्या रकान्यात अधिकची तीन चिन्हं. डॉक्टरांकडे कागद शिपायाने न्यायचा असतो. मी खिडकी बंद केली आणि स्वतः जिना चढून गेले, गुडघे दुखत असतानाही. संध्याकाळच्या आत मुलीला भरती करून घेतलं.

तीन आठवडे ती वॉर्डात होती. आई रोज बाकासमोरून जायची. थांबायची नाही, बघायचीही नाही. छत्रीताई वर गेली नाही. शाळा सुटली की यायची, बाकाच्या टोकाला बसायची आणि मला विचारायची, "आज किती?" तीनाची दोन झाली, दोनाचं एक. परवा पट्टी पिवळीच राहिली. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आणली, मूत्रपिंडं वाचली, मुलगी घरी जाईल.

मी धावतच खिडकीबाहेर आले. एवढ्या वर्षांत कुणाला आनंदाची बातमी द्यायला मी खुर्ची सोडली असेन तर ती त्या दिवशी. सांगितलं तिला सगळं. वाटलं, आता तरी हिचा चेहरा उजळेल, शेजारची जागा कुणाला तरी देईल.

छत्रीताईने ऐकून घेतलं. मान हलवली. छत्री मांडीवर आडवी धरून बसली होती ती.

"इतके दिवस डॉक्टरांचं ते 'कदाचित' होतं गं," ती म्हणाली. "आता तेही नाही. तीही वाचली असती."