शेवटचं कोण?

…आणि म्हातारा फुलहेन्सियो बाकावरून म्हणाला, "मी." झालं. विसी त्याच्या मागं नंबर धरून बसली. काल आपण इथंच उठलो होतो ना? तुम्हाला घाई होती म्हणून अर्धंच राहिलं, नाहीतर खरी गंमत पुढंच आहे.

ती बिचारी व्हॅनमध्ये बसून वाट बघतेय, पुढचा माणूस कधी उठतो आणि गाडी चार्जिंगला लावतो. तो ऊन खातोय. चार्जिंगची एक तार मोकळी झाली, हा हलला नाही. दुसरी मोकळी झाली, तरी हा ढिम्म. मागं पार्सलं खोळंबलेली. शेवटी ती उतरून त्याच्यापाशी गेली.

"फुलहेन्सियोकाका, लावताय ना गाडी?"

"कसली गाडी गं?"

"मग शेवटचे तुम्ही म्हणालात ते?"

"तू विचारलंस शेवटचं कोण. माझ्यानंतर कुणी आलं नव्हतं. मग शेवटचा मीच की."

त्या माणसाकडं उभ्या जन्मात एक गाढव तेवढं होतं, आणि तेही त्याच्या बायकोच्या आधी गेलं. चिडायचं कुणावर? आमच्या तोर्रेमोरात जन्मलेल्या माणसाच्या कानावर 'शेवटचं कोण' पडलं, की तोंडातून 'मी' आपोआप बाहेर येतं. मासळीवालीकडं, दवाखान्यात, न्हाव्याकडं, कुठंही. एकामागं एक खांबासारखं उभं राहायची आम्हाला हौस नाही. यायचं, विचारायचं, कुणी हात वर केला की त्याचं तोंड लक्षात ठेवायचं. लागली आपली वेथ. वेथ म्हणजे आपला नंबर हो, पण नंबर म्हटलं की कागदाचा कपटा डोळ्यापुढं येतो आणि वेथ असते नुसती माणसांच्या डोक्यात. मग खुशाल पाव घेऊन या, भिंतीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोला, कुणाच्या सुनेची उणीदुणी काढा. एकच अट. आधी तोंड दाखवलं पाहिजे. जो आलाच नाही त्याच्यासाठी वेथ धरता येत नाही, मग तो गावचा पाद्री का असेना.

विसीला याचं बाळकडूच मिळालेलं. तिचं खरं नाव विसितासियोन, पण एवढं लांब नाव तिच्या बाप्तिस्म्यानंतर कुणी उच्चारलं नसेल. तिची आई हेनारा बाजारात ऑलिव्ह विकायची. खारवलेल्या ऑलिव्हची पिंपं, त्यात लांब दांड्याची भोकाभोकांची पळी, आणि पिंपांच्या मागं उलट्या खोक्यावर बसलेली ही पोरगी. एकदा ठाण्याचा सार्जंट मधेच घुसला. त्या काळी त्या टोपीला सगळे टरकून असायचे. हेनारानं भरलेली पळी त्याच्यादेखत पिंपात रिकामी केली आणि पदराला… नाही, एप्रनला हात पुसत विचारलं, "सार्जंटसाहेब कोणाच्या मागं आहेत?" कुणाचाही हात वर झाला नाही. साहेब ऑलिव्ह न घेता गेले. मी तिथं होतो, हातात रिकामी बरणी घेऊन, एवढं पक्कं आठवतंय.

असो. पिंपं गेली, सुपरमार्केट आलं. विसीनं शाळेची बस चालवली, नवरा गेल्यावर पार्सलवाल्या कंपनीत लागली. कंपनी माद्रिदची. नाव घेऊन तिला मोठं कशाला करू? व्हॅन सगळ्या विजेवरच्या, बाजूला हिरवं पान रंगवलेलं. पान बघून तुम्हाला वाटेल, काय ही निसर्गाची काळजी. अहो, गाड्या घेतल्या ढीगभर, पण त्यांना वीज पाजायला स्वतःचा एक प्लग बसवला नाही. गोठा न बांधता गुरं विकत घ्यायची आणि गावाच्या कुरणात सोडून द्यायची, त्यातला प्रकार. कुरण कुठलं, तर बाजाराच्या मागच्या अंगणात नगरपालिकेनं बसवलेले चार्जिंगचे दोन खांब. खांबाला दोन-दोन तारा. उद्घाटनाला बँड होता, हॅम होतं, फीत होती. त्यानंतर खांबावर लिहिलेल्या फोनवर कुणी उचलल्याचं ऐकिवात नाही.

त्या खांबांवर आधीच गावातल्या चार माणसांच्या गाड्या होत्या. त्यातला एक एवेलियो, टॅक्सीवाला. त्याची डिझेलची गाडी चांगली होती. नगरपालिकेनंच गळ घालून त्याला विजेची घ्यायला लावली. तो मूत्रपिंडाच्या आजाऱ्यांना रक्त धुवायला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतो, एक दिवसाआड. त्यात आमची कासिल्दामावशी. तिला पोचायला उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात, आणि तिला सुजलेल्या पायांनी घरी परत यावं लागतं. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माद्रिदला माहीत नव्हतं, आणि सांगितल्यावरही माहीत झालं नाही.

व्हॅन आल्या आणि अंगणात रोज भांडणं. जो आधी तार ओढेल तो राजा. एकानं आरसा फोडला, एवेलियोनं एकाची कॉलर धरली. तेव्हा विसी व्हॅनच्या पायरीवर उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, "आपण काय जनावरं आहोत का? शेवटचं कोण ते सांगा."

मग एकेक हात वर झाला. त्या दिवसापासून ना आरसा फुटला ना कॉलर. परगावचे ड्रायव्हरसुद्धा अंगणात शिरताना काच खाली करून विचारायला लागले. ज्याला दवाखाना गाठायचा त्याला पुढं सोडायचं हेही ठरलं, पण विचारून. मधल्या प्रत्येकाला, "चालेल ना तुम्हाला?" असं विचारून. कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. मी रोज तिथं असायचो. तिथलं ऊन चांगलं आहे.

आता माझं डोकं कशानं तापतं ते ऐका. कंपनीला हे रुचलं नाही. तिच्या व्हॅन इतरांसारख्या थांबतात म्हणजे काय? ड्रायव्हर व्हॅनपाशी बसून असायचा, हलायची सोय नाही, लघवीला जायचं तर बारमध्ये जाऊन आधी कॉफी घ्यायची. आणि हा सगळा वेळ कंपनी कशात धरायची? विश्रांतीत. गाडी पीत होती तेवढा वेळ म्हणे बाईनं आराम केला. थंडीत, हीटर बंद करून, कारण हीटर चालू ठेवला तर चार्ज हळू होतो. असा आराम त्यांच्या आईबापाला मिळो, याहून जास्त मी काही बोलत नाही.

त्यावर वरून हुकूम आला, सगळ्यांच्या फोनवर: आपली पुढची व्हॅन शेजारी येऊन उभी राहीपर्यंत तार काढायची नाही. म्हणजे समजलं का? एका व्हॅननं दुसरीला द्यायची, दुसरीनं तिसरीला, आणि गावानं बघत बसायचं. जी व्हॅन अजून रस्त्यावर आहे, जिनं तोंड दाखवलं नाही, तिच्यासाठी वेथ धरायची. गावच्या खांबावर, गावच्या विजेवर. यात बेकायदा काही नाही, नगरपालिकेत विचारून आलो मी. तिथला कारकून म्हणाला, "आजोबा, खांब सार्वजनिक आहेत, कोणीही लावू शकतं." मी म्हटलं, "चौकातला नळही सार्वजनिक आहे बाबा, पण त्याच्याखाली कुणी घर बांधलं नाही अजून."

हुकूम आला त्या आठवड्यात मरणाची थंडी होती. विसीची व्हॅन भरत आलेली, तिच्या मागं एवेलियो, त्याच्या मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेली कासिल्दामावशी. बाकीच्या तिन्ही तारांना व्हॅन, हुकमाप्रमाणे भरून झाल्या तरी तशाच. विसीचा फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पलीकडून आवाज आला, "तार काढू नका. आपली व्हॅन अर्ध्या रस्त्यावर आहे."

"इथं माणूस थांबलंय, दवाखान्यात जायचंय त्याला."

"ते आपलं काम नाही. आपली व्हॅन पोचेपर्यंत थांबा."

विसीनं एवेलियोकडं बघितलं. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "जाऊ दे विसी. तुझी नोकरी आहे."

"नोकरी माझी आहे," विसी म्हणाली, "पण वेथ तुझी आहे." आणि तिनं तार काढून त्याच्या हातात दिली.

मावशी वेळेत पोचली. आणि पुढच्या सोमवारी माद्रिदहून बोर्हा नावाचे साहेब आले, कंपनीच्या सगळ्या गाड्यांवरचे मुख्य. लांबलचक काळी विजेची गाडी, काचा काळ्या, बूट असे की त्यात आपलं तोंड बघून दाढी करावी. अंगणात आम्ही नेहमीचे होतोच. विसीची व्हॅन तारेला होती. एवेलियो त्या दिवशीही तिच्या मागं होता, मावशीही होती.

साहेब विसीपाशी गेले. आवाज चढवला नाही, ते मान्य करायला हवं. म्हणाले, "बाई, तुम्ही कंपनीचा प्लग बाहेरच्या माणसाला दिलात."

"कंपनीचा कुठला? तुमचा एक तरी असता तर दिला असता का बघितलं असतं."

"इथून पुढं सांगितलं तसं कराल असं कबूल करा, म्हणजे विषय संपला. नाहीतर किल्ली द्या."

तिच्यासाठी हे काय होतं ते आम्हाला माहीत आहे. घरात दुसरं कुणी कमावणारं नाही, आणि या वयाच्या बाईला तोर्रेमोरात कोण कामावर ठेवणार? तिनं बराच वेळ किल्लीकडं बघितलं. मग उठली, व्हॅनची तार काढली, नीट गुंडाळून खांबाला अडकवली, गाडी बाजूला लावली आणि किल्ली साहेबांच्या हातात ठेवली. येऊन भिंतीवर आमच्या शेजारी बसली. मी तिच्या ओंजळीत बिया घातल्या. तिचे हात गार होते. मला सांगायला लाज वाटत नाही, मला त्या क्षणी त्या माणसाच्या बुटांवर थुंकावंसं वाटलं. शेजारचे म्हणाले, कोस्मे, वयाचं भान ठेव.

साहेबांनी किल्ली खिशात टाकली आणि आपली काळी गाडी मोकळ्या तारेकडं वळवली. माद्रिदपासून वेगात आले होते, हीटर लावून, गाडी कोरडी पडलेली.

एवेलियो आडवा आला. "माफ करा, माझी वेथ आहे."

"मला घाई आहे, बैठक आहे."

टॅक्सीची काच खाली गेली आणि कासिल्दामावशीचं डोकं बाहेर आलं. "मलाही आहे रे बाळा. तुझी बैठक माझ्या मूत्रपिंडापेक्षा मोठी असेल तर तसं सांग, मी उतरते."

साहेब इकडंतिकडं बघायला लागले. बाकीच्या तीन व्हॅनचे ड्रायव्हर आपापल्या जागी बसून होते. त्यांनी एकाला खूण केली, तार काढ. तो पोरगा नम्रपणे फोन दाखवत म्हणाला, "साहेब, आपली व्हॅन शेजारी आल्याशिवाय काढायची नाही असं लिहिलंय. तुमची गाडी काही व्हॅन नाही." भिंतीवर कुणाला तरी ठसका लागला.

शेवटी साहेबांनी श्वास सोडला आणि दात आवळून, जसं काही कडू औषध घ्यावं तसं, विचारलं, "बरं. शेवटचं कोण?"

"मी," फुलहेन्सियो बाकावरून म्हणाला.

देवाशपथ सांगतो, त्यानं ते मुद्दाम केलं नाही. त्याला सवयच तशी.

एवेलियोची टॅक्सी भरून मावशीला घेऊन गेली. मग कोपऱ्यातल्या पाववाल्यानं गाडी लावली, त्याच्यानंतर मागून आलेल्या शिक्षिकाबाईंनी, कारण त्यांनी आल्या आल्या त्याच्या मागं नंबर धरला होता, साहेब गाडीत फोनवर बोलत होते तेव्हा. मग त्याही गेल्या. फुलहेन्सियो ऊन खात राहिला. साहेब एकदा त्याच्याकडं बघायचे, एकदा घड्याळाकडं. अखेर ते बाकापाशी गेले, म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं, आणि तिथून लाल होऊन आमच्याकडं आले.

"इथं ठरवतं कोण?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी विसीकडं बोट केलं.

तिच्यापुढं उभं राहायला त्यांना दोन पावलं जड गेली असावीत. "त्या माणसाकडं गाडीच नाही," ते म्हणाले. "हा काय पोरखेळ चाललाय? मी कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

विसीनं हातातली बी सोलली, टरफल बाजूला टाकलं, आणि आईनं एप्रनला हात पुसावेत तसे मांडीवर हात पुसले.

"तुम्ही कोण आहात ते इथं कुणी विचारत नाही, साहेब. तुम्ही फुलहेन्सियोकाकांच्या मागं आहात. त्यांचं झालं, की तुमचं."