फॉर्मवरचे पाच सेंटीमीटर

हर्षलची उंची मी खोटी लिहिली. तो एकशे शहाण्णव सेंटीमीटर होता, मी दोनशे एक लिहिली. हे त्याला माहीत होतं आणि मला. तिसऱ्या माणसाला कळायला नऊ वर्षं लागली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी चार फुटांवर खुर्चीत बसलो होतो.

मुंबईतल्या एका इनडोअर कोर्टवर ट्रायल चालू होती. बास्केटबॉलची नवी प्रोफेशनल लीग निघाली होती आणि त्यातल्या एका टीमनं मला असिस्टंट कोच म्हणून घेतलं होतं. हर्षलचं नाव मीच दिलं होतं. फिजिओ प्रत्येकाला बूट-मोजे काढायला लावून भिंतीला उभं करत होता. हर्षल उभा राहिला. पट्टी डोक्यावर टेकली.

"एकशे पंच्याण्णव," फिजिओ म्हणाला. मग त्यानं हातातला कागद पाहिला. "एक मिनिट. परत उभा राहा."

परत एकशे पंच्याण्णवच. उरलेला एक सेंटीमीटर नऊ वर्षांत त्याच्या पाठीत जिरला होता.

दोनशे एक हा आकडा कुठून आला हे सांगायचं तर आधी सेंटर म्हणजे काय ते सांगावं लागेल. बास्केटबॉलमध्ये एका टीमचे पाच जण कोर्टवर असतात. त्यातला सगळ्यांत उंच तो सेंटर. त्याची जागा रिंगखाली. रिंगकडे तोंड करून उभं राहायचं, मागच्याला पाठीनं ढकलत मागं ठेवायचं, हुकलेला बॉल उडी मारून पकडायचा. पाठीनं अडवण्याला आम्ही बॉक्स-आउट म्हणतो. सेंटरच्या हातात बॉल कमी आणि अंगावर माणसं जास्त. मी स्वतः एका सरकारी खात्याच्या टीमचा चौदा वर्षं सेंटर होतो. आमच्या वेळी प्रोफेशनल खेळाडू म्हणजे खात्यात नोकरी. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी टेबल, टूर्नामेंट असली की ऑन ड्युटी.

माझे गुडघे गेले तेव्हा मी नोकरी सोडली, कोन या माझ्या गावी परत आलो आणि शेजारच्या भिवंडीत कोचिंग सुरू केलं. ग्राउंडच्या भिंतीपलीकडे लूमची, म्हणजे यंत्रमागाची शेड होती, दिवसभर खडखडाट. खेळाडूला काही सांगायचं तर शिट्टी मारून जवळ बोलवावं लागे.

हर्षल तिथं आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. घर जवळच्या अंजूर गावात. घरची शेती गोडाउनखाली गेलेली. त्या गोडाउनच्या भिंतीला त्यानं वेल्डिंग करून रिंग लावून घेतली होती. अडचण एकच, रिंगखाली कायम ट्रक उभा. माल उतरेपर्यंत हलायचा नाही. म्हणून हर्षल ट्रकच्या मागं उभा राहून ट्रकवरून बॉल मारायचा.

त्यामुळे त्याचा शॉट वेगळा झाला होता. बॉल खूप वर जायचा आणि सरळ खाली यायचा. पहिल्या दिवशी त्यानं तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून दहा मारले, आठ आत गेले. मी चौदा वर्षं खेळलो, पण एवढ्या उंचीच्या माणसाचा असा हात मी पाहिला नव्हता. मी त्याला म्हणालो, "कुणी शिकवलं?"

"ट्रकनं," तो म्हणाला.

चार महिन्यांनी माझ्या जुन्या टीमच्या कोचचा फोन आला. "सेंटर पाहिजे. जागा एकच आहे. दोनशेच्या वरचा कुणी आहे का तुझ्याकडे?"

मी म्हणालो, "आहे."

आमच्या खेळात उंची थोडी वाढवून सांगायची पद्धत आहे. सकाळी मोजायची, कारण सकाळी माणूस सेंटीमीटरभर जास्त भरतो. बुटात मोजायची. अर्धा असेल तर पुरा करायचा. यात कुणालाच गैर वाटत नाही. पण एवढं सगळं करूनही हर्षल एकशे नव्व्याण्णवच्या वर जाईना.

"सर, मी एकशे शहान्नव हाय," तो म्हणाला.

"बुटात धर."

"बुटात पन दोनशे एक न्हाय होनार."

"फॉर्म कोण भरतोय?"

"तुमी."

"मग?"

त्यानं हातातला बॉल खाली ठेवला. मग म्हणाला, "सर, मना सेंटर नको. मी बाहेरनं बरा हाय."

मी त्याला नोकरी म्हणजे काय ते समजावलं. पर्मनंट, पेन्शन, आईला काय वाटेल, असं सगळं. खात्यात मोजायला कुणी बसलंच नाही. चौदा वर्षं खेळलेल्या सेंटरची, म्हणजे माझी, सही पुरेशी होती. तो लागला. त्याची आई पेढे घेऊन कोनला माझ्या घरी आली.

नोकरी त्याच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की माझ्या हाताखालचा पहिला खेळाडू खात्यात लागला हे मला चार लोकांना सांगायचं होतं. त्यानंतर माझ्याकडे मुलांची रांग लागली. पुढे लीगच्या टीमनं मला घेतलं तेही त्याच नावावर.

टीममध्ये त्याच्यासमोर दोनशे सहा, दोनशे आठचे सेंटर यायचे. त्यांना पाठीनं अडवायचं म्हणजे भिंत ढकलण्यासारखं. मी एकदा मॅच बघायला गेलो होतो. हर्षलला रेषेबाहेर मोकळा बॉल मिळाला. तो मारणार तेवढ्यात बेंचवरून कोच ओरडला, "दोनशे एकचा माणूस बाहेर काय करतोय? आत जा!" हर्षलनं बॉल दुसऱ्याला दिला आणि आत गेला. मी गॅलरीत मान खाली घातली.

नऊ वर्षं तो आत राहिला. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली. खांद्याची एकदा सर्जरी झाली. कंबरेला पट्टा लागला. कुठल्याच मॅचमध्ये त्यानं बाहेरून मारलेलं मला आठवत नाही.

लीग निघाली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. मला भेटायला आला. म्हणाला, "सर, एक सीझन मिळाला तरी बास. बिनपगारी रजा मिळतेय. बाहेरनं खेलतो. नंतर आयुष्यभर टेबलावर बसायला तयार हाय."

त्याला दुसरं काही नको होतं. मी नाव दिलं. फॉर्म भरताना त्यानं मला विचारलं, "उंची काय लिव्हू?"

"रेकॉर्डला आहे तीच," मी म्हणालो.

आता परत त्या भिंतीपाशी येतो. टीमचा मॅनेजर उठून आला. त्यानं कागद हर्षलच्या समोर धरला.

"ये दो सौ एक कहां से आया?"

हर्षलनं माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. माझ्या मांडीवर खेळाडूंची फाइल होती. मी तिचं पान उलटलं.

"मैंने लिखा, सर," हर्षल म्हणाला.

"क्यों? हम नापेंगे नहीं, ऐसा लगा?"

"गलती हो गई."

मॅनेजर हेड कोचकडे वळला. हेड कोच भला माणूस होता. म्हणाला, "एकशे पंच्याण्णवचा सेंटर मी घेऊन काय करू? पण फॉरवर्ड म्हणून थोडा बाहेर खेळेल. शॉट आहे का बाहेरून?" आणि ते मला विचारलं.

"होता," मी म्हणालो. त्या दिवशी कोर्टवर मी बोललेला एकच शब्द.

हर्षलला दहा बॉल दिले. ट्रायलच्या आधी महिनाभर तो गोडाउनमागं प्रॅक्टिस करत होता, पण ज्या खांद्याची सर्जरी झाली होती तो हात वर नेताना अडकत होता. पहिला बॉल रिंगला लागलाच नाही. दुसरा कडेला लागून बाहेर. हेड कोच प्रत्येक शॉटला मान हलवत होता, म्हणजे दिसतंय मला, असं. दहापैकी तीन गेले. शेवटचा खरंच सुंदर गेला, तसाच, वर जाऊन सरळ खाली. त्याचा काही उपयोग नव्हता.

"थँक यू," मॅनेजर म्हणाला. "और अगली बार सही लिखना."

मी बाहेर गेलो तेव्हा हर्षल पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी बांधत होता. मी शेजारी उभा राहिलो.

"आकडा माझा होता रे," मी शेवटी म्हणालो.

"मना म्हायतेय," तो म्हणाला. "आत सांगायचं व्हतं." मग बॅग उचलून गेला.

आठवडा गेला. मी झोपेची गोळी सुरू केली आणि बंद केली. मग मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, आकडा माझा आहे, हर्षलनं माझ्यासाठी अंगावर घेतलं. त्यानं ऐकून घेतलं.

"तब क्यों नहीं बोले?"

मी विचारलं, हर्षलला अजून घेता येईल का.

"टीम भर गई है," तो म्हणाला. "उसका कुछ नहीं हो सकता. आपका मैं सोचता हूं."

दोन दिवसांत माझं काय ते ठरलं, टीमनं मला काढलं. आता मी परत भिवंडीच्या ग्राउंडवर आहे. नव्या मुलाला बूट-मोजे काढून, संध्याकाळी, थकल्यावर मोजतो. येईल तो आकडा लिहितो आणि त्याच्याकडून वाचून घेतो. पालक कुरकुर करतात. दुसऱ्या कोचकडे याच मुलाची उंची जास्त भरते म्हणतात. भरत असेल. माणसाची उंची वाढवून लिहिली की त्याला कोर्टवर चुकीच्या जागी उभं करतात आणि तिथून तो हलू शकत नाही, एवढंच मी या धंद्यात शिकलो. शिकायला दुसऱ्याचं शरीर लागलं.

मागच्या रविवारी रिक्षानं अंजूरला गेलो. हर्षल घरी होता. खात्यानं त्याला टीममधून काढून टेबलावर बसवलंय. आईनं खुर्ची पुसून दिली.

"जाम दिवसांनी, सर," त्या म्हणाल्या. "बसा. तुमच्यामुलंच याचं बरं झालं बघा. आमी इसरलो न्हाय."

हर्षल दारापाशी उभा होता, चौकटीखाली मान वाकवून. आई चहा टाकायला निघाल्या. मी त्यांना थांबायला सांगितलं. नोकरीचे पेढे त्यांनी आणले होते, म्हणून त्यांच्यासमोर बोलणं गरजेचं होतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हर्षल, तू एकशे शहाण्णव होतास. मला माहीत होतं. तू सेंटर नव्हतास, तेही माहीत होतं, तू मला सांगितलं होतंस. खात्याचा फॉर्म मी भरला, लीगच्या फॉर्मवरही तोच आकडा मीच लिहायला सांगितला. ट्रायलला मॅनेजरनं विचारलं तेव्हा मी फाइलचं पान उलटत होतो. त्या पानावर काहीच नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर."