चांदीची बशी

आमच्या लॅबमधल्या कामाचा मोठा भाग म्हणजे वाट बघणं. बशीतल्या जिवात दोन दिवसांत पडणारा फरक डोळ्यांना जेमतेम कळतो. मधल्या वेळात माणसं चहा पितात आणि बोलतात. पंधरा वर्षं तीन माणसं एका खोलीत अशी बसली की किस्से साठणारच. तिघांपैकी एक आता नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. नाहीतर मला आठवणारे किस्से आणि मयेकरांना आठवणारे वेगवेगळे होऊन बसतील.

तिघं म्हणजे सुधीर, जनावरांचा डॉक्टर आणि माझा नवरा. मी, बशांमध्ये घालायचं पोषक पाणी तयार करणारी. आणि मयेकर, आमचे शिपाई, पूर्णगडचे. लॅब रत्नागिरीच्या बाहेर, कातळावर.

काम आधी सांगायला हवं. बकरीच्या अंडाशयात हजारो अंडी असतात, प्रत्येक आपल्या बारीकशा पिशवीत झोपलेलं. त्यातली थोडीच जागी होतात, बाकीची झोपेतच संपतात. झोपलेली पिशवी काढून काचेच्या बशीत वाढवायची, आतलं अंडं पिकवायचं आणि चांगल्या बकरीचा गर्भ तयार करायचा, असं हे काम. त्या पिशवीला आम्ही फॉलिकल म्हणतो, मयेकर पुडी म्हणतात. सुधीरने पहिल्याच दिवशी त्यांना हे सगळं तासभर समजावलं होतं. मयेकर शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे गळनारा मोहर तुमी बशीत पिकवनार."

पुढे कोणी पाहुणे आले की सुधीर हेच वाक्य सांगायचा, स्वतःचं असल्यासारखं.

*

अंडाशयं खाटकाकडून आणायची. सुधीर रोज सकाळी दुकान उघडताना तिथे हजर. बाकी काही घ्यायचा नाही, तेवढीच घेऊन थर्मासमध्ये टाकायचा आणि निघायचा. महिनाभराने खाटकाने त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, "डॉक्टर, वहिनींना हे शिजवायला कोणी सांगितलंय? मी समजावतो त्यांना."

*

एकदा चिपळूणला जास्त मिळणार होती म्हणून मयेकर एसटीने गेले. येताना थर्मास मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. कंडक्टर म्हणाला, "काका, एवढं जपताय, चहा आहे का? घोटभर द्या की."

"चहा नाय, बकऱ्यांची अंडाशयं हायत."

"जिवंत?"

"हायत म्हंजे, तशीच न्यायची."

कंडक्टर थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग अर्धं तिकीट पडेल."

*

एका दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरही बसला. बशा ठेवायची उबेची पेटी थंड होऊ लागली. मयेकरांनी बशांचा डबा शर्टाच्या आत पोटाशी धरला, वरून शाल गुंडाळली आणि खुर्चीत मागे रेलून बसून राहिले. नेमके तेव्हाच वरचे साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, "यांना बरं नाही का?"

मयेकर जागचे हलले नाहीत. "बरा हाय, सायेब. गाभन हाय."

*

आता माझी चूक. बशीतलं पाणी एक दिवसाआड बदलावं लागतं, पण अर्धंच. अर्धं जुनं पिपेटच्या बारीक नळीने काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. पुडी वाढताना स्वतःचं काही त्या पाण्यात सोडते आणि त्याच्याच आधाराने पुढे वाढते. हे मला माहीत होतं. तरी सुरुवातीच्या दिवसांत एकदा जुनं पाणी जरा गढूळ दिसलं म्हणून मी सगळं काढलं, स्वच्छ नवं भरलं. दोन दिवसांनी बशीतलं सगळं काळं पडलं होतं.

मला वाटलं, सुधीर रागावेल. तो मायक्रोस्कोपवरून डोळा काढून एवढंच म्हणाला, "घर आवरतेस तसं आवरलंस."

त्या दिवसापासून पाणी बदलताना तो मोठ्याने म्हणायचा, "अर्धंच हं." मला उद्देशून असायचं. मागे उभे मयेकर मान डोलवायचे.

*

मयेकरांची बहीण यमुनाक्का पूर्णगडच्या वरच्या वाडीत राहते. तिची चांदी नावाची बकरी होती. दर वेताला तीन करडं, आणि तिघांना पुरून घरात चहाला दूध. तिला विषारी फुरसं चावलं. मयेकर आणि सुधीर मोटरसायकलने पोचले तोवर उशीर झाला होता. सुधीरने यमुनाक्काला विचारलं, अंडाशय नेऊ का, काही जगलं तर चांदीचं बी राहील.

ती म्हणाली, "न्या. पन तिला इचारून न्या."

पुढचं मयेकरांनी मला सांगितलं. "डॉक्टर उकिडवे बसले नि तिच्या कानात सांगितलानी, 'घेतो गं चांदी.' मग जरा थांबले. मगच सुरी काढलानी."

बशीला नाव द्यायचं नाही, फक्त नंबर, असा सुधीरचाच नियम होता. नाव दिलं की डोळे हवं ते बघायला लागतात, असं त्याचं म्हणणं. त्या बशीच्या झाकणावर त्याने 'चांदी' लिहिलं. अकरा पुड्या होत्या.

*

बशीचा नववा दिवस होता. सकाळी शर्टाची बटणं लावता लावता सुधीर पलंगावर बसला. "आज चांदीचं पाणी बदलायचंय," म्हणाला आणि आडवा झाला. त्यानंतर तो बोलला नाही.

मुलगी पुण्याहून आली. मला त्रास नको म्हणून तिने चार दिवसांत बापाचं कपाट रिकामं केलं. घड्या घालून सगळं देऊन टाकलं, फळ्या पुसून घेतल्या. रोज मनात एकच येत होतं, बशी मेली असेल. त्याच्या हाताने लावलेलं तेवढं एकच जिवंत उरलं होतं, आणि मी घरात बसून होते.

*

बशीच्या तेविसाव्या दिवशी लॅबमध्ये गेले ती बशी टाकून द्यायच्या तयारीने. आधी वही उघडली. सातव्या दिवसापर्यंत सुधीरचं अक्षर. नवव्या दिवसापासून दुसरंच, मोठं आणि तिरकं. नऊ, अकरा, तेरा, असं एकविसापर्यंत. प्रत्येक ओळीत एकच शब्द: 'अर्धा'.

"मयेकर, हे तुम्ही?"

"पानी तुमीच करून ठेवलाला, फ्रिजमदी."

"पण पिपेट कधी धरलं होतंत?"

"धरला नव्हता. पंधरा वर्सं बघत व्हतो."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. अकरांतल्या चार जिवंत होत्या. एक चांगली मोठी झाली होती, आत पाणी धरून, काठाशी चमकत होती.

*

यमुनाक्का बघायला आली. नवं लुगडं नेसून, चपला दाराबाहेर काढून. मी तिला स्टुलावर बसवलं, कुठे बघायचं ते दाखवलं. तिने बराच वेळ डोळा लावून ठेवला. मग आत वाकूनच हलक्या आवाजात म्हणाली, "चांदे, डॉक्टर गेले गो."

*

त्या मोठ्या पुडीतलं अंडं पिकलं. बोकडाचं बीज दिलं. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मयेकर दर वेळी येऊन आकडा विचारून जायचे. आठवर तो जीव थांबला. दोन दिवस वाट बघितली, मग वहीत लिहिलं.

यमुनाक्काला फोन मीच केला. सांगायचं कसं ते कळेना. म्हटलं, "आक्का, आठपर्यंत गेलं, पुढे नाही गेलं."

ती म्हणाली, "आठ? बाय माजे, चांदीनं तिनाच्या वर कदी दिली नाय."

मी तिला दुरुस्त केलं नाही.

*

नवे डॉक्टर सोमवारी रुजू होणार म्हणून पत्र आलं. सुधीरचं टेबल रिकामं करून ठेवावं, असं खाली लिहिलं होतं. मी मयेकरांना म्हटलं, "तुम्हीच करा. मी बाहेर बसते." बाहेर कातळावर ऊन तापलं होतं. तासाभराने आत आले.

डावीकडचे खण रिकामे होते, उजवीकडचे तसेच. सहा पेनांतली तीन पेल्यात उभी होती. चष्म्याचं घर गेलं होतं, चष्मा होता. मयेकर फडकं धुऊन वाळत घालत होते.

"झालं का?" मी विचारलं.

"आज अर्धा काढलाय, म्याडम."

"आणि बाकीचं?"

"परवा," मयेकर म्हणाले. "ऱ्हायलेल्यातला अर्धा."